उद्घाटनापर्यंत वापर बंद

त्या कॉलेजात चीफला ‘नाही’ असं कोणी कधी म्हटलंच नाही, आणि सगळी रड तिथेच आहे. कोणी तोंडावर नाही म्हटलं तर माणूस भांडतो, शिव्या घालतो, दुसरी वाट शोधतो. इथे प्राचार्यांपासून हेडक्लार्कपर्यंत जो तो मान डोलावणार, ‘वा, फारच छान’ म्हणणार आणि हसतमुखाने दार लावून घेणार. आता अशा माणसांशी भांडायचं तरी कसं, तुम्हीच सांगा.

चीफ हे काही तिचं घरचं नाव नव्हे. वर्गातल्या पोरांनी ठेवलेलं. मेकॅनिकलच्या वर्गात मुली मुळात बोटांवर मोजण्याइतक्या, त्यात ही चाकांच्या खुर्चीतून येणारी, आणि जीभ अशी तिखट की वर्कशॉपात कोणी बोल्ट उलटा पिळायला लागला की दारातूनच त्याची सालटी काढायची. पहिल्या वर्षी कोणीतरी वैतागून ‘हो चीफ, चुकलं चीफ’ म्हणालं आणि ते कायमचं चिकटलं. लहानपणी एका तापात तिचे पाय गेले होते. त्याबद्दल ती बोलत नसे, आणि दुसरं कोणी गळा काढून बोलायला लागलं तर त्याचं काही खरं नसायचं.

घरात तीन माणसं. आई तिच्या आठवणीच्याही आधी गेलेली. बाबा शिंपी, मागच्या गल्लीत एका शटरचं दुकान. आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, जिने हिला वाढवलं आणि जिच्याकडून ही जीभ आली. आत्याचं म्हणणं होतं की पोरीने घरबसल्या होईल असं काहीतरी शिकावं. बाबांचं म्हणणं असं काही नव्हतंच. पोरगी म्हणाली इंजिनिअर व्हायचं, की ते टेप गळ्यात तसाच ठेवून प्रवेशाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

कॉलेजची इमारत दोन मजली. तासांचे वर्ग खाली, त्यामुळे तिथे अडचण नव्हती. पण ड्रॉइंग हॉल आणि दोन प्रयोगशाळा अगदी वर, दुसऱ्या मजल्यावर. का, ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. प्रॅक्टिकल असलं की बाबा दुकानाचं शटर अर्धं ओढायचे, कॉलेजला यायचे, पोरीला पाठुंगळी घ्यायचे आणि जिना चढायचे. मग खाली येऊन खुर्ची वर न्यायचे. मग दुकान. मग संपलं की पुन्हा तेच, उलट्या क्रमाने. गिऱ्हाइकं कुरकुर करायची, की मास्तर, तुमचं शटर कधी उघडं असतं ते एकदा पाटीवर लिहा. बाबा हसायचे. चीफला मात्र बाबांच्या मानेपाशी तोंड नेऊन त्यांचा श्वास ऐकत जिना चढताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यांचा श्वास दरवर्षी थोडा जड येत होता, आणि ते तिच्याइतकं जवळून दुसरं कोण ऐकणार.

तिसऱ्या वर्षी बाबांना कावीळ झाली. उचलणारं कोणी नाही, म्हणून प्रॅक्टिकलची हजेरी भरली नाही, म्हणून वर्ष गेलं. कॉलेजचा नियम असा की हजेरीपायी एक वर्ष गेलं तर ठीक, दुसऱ्यांदा गेलं की प्रवेशच रद्द. चीफने ते वर्ष पुन्हा केलं आणि शेवटच्या वर्षात आली. आता एकही वर्ष हातचं उरलं नव्हतं. हे तिला कळत होतं, बाबांना कळत होतं, आणि आत्या तर ते रोज सकाळी भांडी आपटून सांगत होती.

आता लिफ्टचं ऐका. इमारत बांधली तेव्हाच जिन्याला लागून लिफ्टसाठी उभा चौकोनी बोगदा सोडलेला होता. लिफ्ट येणार होती. ती येणार येणार म्हणता कॉलेजमधून पोरांच्या किती तुकड्या बाहेर पडल्या, त्यांच्यातले काही टक्कल पडून सत्काराला परत येऊन गेले, पण लिफ्ट काही आली नाही. बोगद्यात मोडकी बाकं भरून ठेवली होती. चीफने विचारलं तेव्हा हेडक्लार्क म्हणाले, प्रस्ताव पाठवलेला आहे, सकारात्मक प्रतिसाद आहे.

तर शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आधीच्या सुट्टीत चीफने ठरवलं की वर्षाचा प्रकल्प म्हणून आपणच लिफ्ट करायची. साधी, एका खुर्चीपुरती, पण खरी. बरोबर दोघे. एक लंबू, ज्याला दारातून जाताना मान वाकवावी लागे आणि ज्याचा हात वेल्डिंगला देवासारखा चाले. दुसरा फ्यूज, विजेच्या शाखेतला, ज्याने पहिल्या वर्षी अख्ख्या वसतिगृहाची बत्ती गुल करून नाव कमावलं होतं. विभागप्रमुख मॅडमनी परवानगी दिली. पोरं काय, करतील करतील आणि सोडून देतील, असं त्यांना वाटलं असावं.

पोरांनी सोडलं नाही. बाकं बाहेर काढली, भिंती घासल्या, ओळंबा सोडून बोगदा किती तिरका आहे ते मोजलं. बांधणाऱ्याने तो चांगला हातभर तिरका बांधला होता. चीफ म्हणाली, या माणसाने आयुष्यात एक तरी गोष्ट सरळ केली असेल का. मग उभे रूळ बसवले. खुर्ची ठेवायच्या पिंजऱ्याला तोल म्हणून साखळीच्या दुसऱ्या टोकाला ओतशाळेतल्या भंगारातले लोखंडी ठोकळे टांगले. साखळी तुटलीच तर रुळाला आपोआप मिठी मारणारा ब्रेक चीफने स्वतः आखला, आणि तो चालतो की नाही ते बघायला पिंजऱ्यात वाळूची पोती भरून खरोखर साखळी सोडली. पिंजरा वीतभर घसरला आणि गच्च थांबला. लंबूने खाली बसून डोळे पुसले आणि वेल्डिंगमुळे पाणी येतं म्हणाला. फ्यूजने दारांना अशी व्यवस्था केली की दार उघडं असेल तर मोटर हलणारच नाही. बाहेरून लिफ्टचे सरकारी तपासनीस आले, त्यांनी अर्धा दिवस खालीवर करून सगळं पाहिलं, आणि दोन ठिकाणी जाळी लावायला सांगून पास केलं. इतकं झालं. कोणाचं बोट चेपलं नाही, कोणाचं नाक रक्ताळलं नाही.

पहिल्या दिवशी चीफ वर गेली तेव्हा बाबा खाली उभे होते. पिंजरा वर निघाला, तिची चाकं डोळ्यांसमोरून वर सरकली, आणि बाबा एकदम जिन्याने धावत सुटले. वर पोचले तेव्हा ती दार उघडून बाहेर येत होती. पोरगी वर जात असताना त्या जिन्यावरून बाबा पहिल्यांदाच मोकळ्या हातांनी चढले होते आणि ते हात कुठे ठेवायचे हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी दाराची जाळी दोनदा थोपटली आणि दुकानाला उशीर होतो म्हणून निघाले.

काही आठवडे असे गेले की बघत राहावं. चीफ हवं तेव्हा वर, हवं तेव्हा खाली. मॅडम वाटेत भेटल्या की डोळे मिचकावून म्हणायच्या, मी काही पाहिलं नाही हं. प्राचार्यांना माहीत होतं, हेडक्लार्कना माहीत होतं, पण अधिकृतपणे कोणालाच काही माहीत नव्हतं, आणि म्हणून सगळं सुरळीत चाललं होतं.

आणि इथे आमच्या चीफने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. दुसऱ्या कोणी नाही, तिनेच.

तिला हे असं डोळे मिचकावून चालणारं नको होतं. लंबू कळवळून सांगत होता, की चीफ, चाललंय ते चालू दे, परीक्षा होईपर्यंत गप बस. तिने ऐकलं नाही.

"जिना काय लोक चोरून चढतात?" ती म्हणाली. "मग मी का चोरून वर जायचं? उद्या आपण पास होऊन गेलो की याला तेल कोण घालणार? कॉलेजने म्हणू दे ना, की ही आमची लिफ्ट आहे. एकदा मोठ्या माणसाच्या हातून फीत कापली गेली, की मग बंद करायची कोणाची टाप आहे?"

म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. आणि खरं सांगायचं तर आणखीही एक होतं. तिने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी केलं होतं जे चालत होतं, आणि त्याच्यावर आपलं नाव असावं असं तिला वाटत होतं. कोणाला वाटणार नाही? ती प्राचार्यांकडे गेली आणि उद्घाटन करा म्हणून रीतसर विनंती करून आली.

प्राचार्य खूश झाले. खुर्चीतून उठून त्यांनी तिचा हात हातात घेतला, मॅडमना बोलावलं, हेडक्लार्कना बोलावलं, सगळ्यांसमोर तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. म्हणाले, एवढी मोठी गोष्ट, तर पाहुणेही तेवढेच मोठे हवेत, शिक्षण खात्याच्या बड्या साहेबांनाच बोलावू. संध्याकाळपर्यंत खालच्या दाराला कुलूप लागलं, त्यावर लाल फीत बांधली गेली आणि पाटी आली: उद्घाटनापर्यंत वापर बंद. चीफने विचारलं, का? हेडक्लार्क तिच्याकडे असे बघत राहिले, जणू तिने नैवेद्य दाखवायच्या आधीच ताटात हात घातला होता. वापरलेल्या वस्तूचं उद्घाटन कसं करणार, म्हणाले. आठवड्याभराचा तर प्रश्न आहे.

आठवड्याने साहेबांना दौरा लागला. पुढच्या वेळी त्यांच्या घरचं लग्न निघालं. मग त्यांची बदली होणार अशी हवा उठली, आणि प्राचार्य म्हणाले, नवे कोण येतात ते बघू, उगाच जुन्यांच्या हातून कशाला. मग बदली झालीच नाही, पण आपल्याला मधे विसरले म्हणून साहेब रुसले. तोवर फितीचा रंग उडाला. हेडक्लार्कनी तत्परतेने नवी बांधली. त्या लिफ्टची कॉलेजने केलेली देखभाल म्हणजे एवढी एकच, पण ती मात्र वेळच्या वेळी, चोख.

मधल्या काळात बाबांचं शटर पुन्हा अर्धं बंद व्हायला लागलं. या वेळी फार दिवस निभावलं नाही. एका सकाळी पहिल्या वळणावर बाबांची कंबर धरली. त्यांनी पोरीला टाकली नाही. कठड्याला धरून, एक एक पाऊल मागे घेत, तिला खाली उतरवलं आणि मग स्वतः जमिनीवर आडवे झाले. डॉक्टरांनी सांगितलं की पाठीचा मणका सरकलाय, आता कापडाचा तागासुद्धा उचलायचा नाही. आत्याने त्या दिवशी भांडीसुद्धा आपटली नाहीत, आणि त्याचा अर्थ चीफला पुरेपूर कळत होता.

मग लंबू आणि फ्यूज खुर्चीसकट तिला न्यायला लागले. एकदा फ्यूजचा पाय चुकला. चीफ वाचली, पण फ्यूज खुर्चीखाली आला आणि त्याचं मनगट मोडलं. झालं. दुसऱ्या दिवशी सूचना निघाली की कोणत्याही विद्यार्थ्याने दुसऱ्या विद्यार्थ्यास उचलून जिन्याने नेऊ नये. सगळ्यांच्या काळजीपोटीच हो, दुसरं काही नाही.

चीफ मॅडमकडे गेली. म्हणाली, मग माझं प्रॅक्टिकल खाली घ्या. यंत्रं हलत नसतील तर निदान ड्रॉइंग तरी खाली घ्या, एक टेबल लागतं. मॅडमना खरंच वाईट वाटलं. त्या वाईट बाई नव्हत्या, हे मुद्दाम सांगतो, कारण वाईट असत्या तर सोपं झालं असतं. त्या म्हणाल्या, अगं, आता लिफ्टचं उद्घाटन तोंडावर आलं असताना प्रयोगशाळा खाली हलवल्या तर लोक काय म्हणतील, मग लिफ्ट कशाला केली? म्हणजे बघा हं. लिफ्ट आहे म्हणून प्रॅक्टिकल खाली येत नाही, आणि उद्घाटन नाही म्हणून हिला वर जाता येत नाही. चीफने तिथल्या तिथे हात जोडले.

फ्यूज प्लास्टरातला हात नाचवत म्हणाला, ते कुलूप मी दोन मिनिटांत उघडतो. चीफला मोह झाला नाही असं नाही. रात्रंदिवस तिच्या डोक्यात ते कुलूपच होतं. पण कुलूप फोडलं की लिफ्ट बेकायदा ठरणार, आणि बेकायदा म्हटलं की हेच लोक दुसऱ्या दिवशी मोटर उतरवून नेतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती खाली, त्या लाल फितीसमोर खुर्ची लावून बसायची. वर तिच्या वर्गाचं ड्रॉइंग चालू असायचं. ओढलेल्या स्टुलांचे आवाज खाली यायचे.

व्हायचं तेच झालं. हजेरी कमी भरली. मॅडमनी बोलावून सांगितलं, की आपल्या हातात काही नाही, पण खात्याच्या साहेबांना हजेरी माफ करायचा अधिकार आहे. आणि आनंदाची गोष्ट म्हणजे साहेबांची तारीख मिळाली, परीक्षेच्या अगदी आधी.

"तूच त्यांच्याशी बोल," मॅडम म्हणाल्या. "समोर लिफ्टमधून येणारी मुलगी पाहिली की माणूस विरघळेलच. एक सही तर करायची आहे त्यांना."

सही झाली तर परीक्षा, परीक्षा झाली तर पदवी. सही नाही तर दुसरं वर्ष गेलं आणि प्रवेश रद्द. इतकं साधं होतं. चीफने बोलायची वाक्यं पाठ केली. बाबांनी आडवं राहूनच तिच्यासाठी नवा ड्रेस बेतला, आणि डॉक्टरांचं न ऐकता मशीनवर बसून शिवला.

कार्यक्रम थाटात झाला. साहेब आले, मोठे हसरे गृहस्थ. कात्री आली. फीत कापली, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. ठरल्याप्रमाणे साहेब, प्राचार्य आणि सगळी मंडळी जिन्याने वर गेली, म्हणजे लिफ्टमधून येणाऱ्या मुलीचं वर स्वागत करता यावं. चीफने बटण दाबलं. इतके दिवस बंद पडून होती, पण लिफ्ट जराही कुरकुरली नाही. त्या एवढ्या वेळात चीफला असं वाटून गेलं की आता सगळं नीट होणार. मूर्खासारखं वाटलं, पण वाटलं.

वर दार उघडलं. साहेबांनी तिच्या हातात फुलांचा गुच्छ दिला, खांद्यावर थोपटलं. तिने गुच्छ मांडीवर ठेवला आणि पाठ केलेलं सगळं विसरून सरळ मुद्द्यावर आली. म्हणाली, सर, ही लिफ्ट बंद होती म्हणून माझी हजेरी भरली नाही. तुम्ही सही केलीत तर मला परीक्षेला बसता येईल.

साहेबांनी आधी प्राचार्यांकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे, आणि मनापासून हसले.

"हजेरी?" ते म्हणाले. "अहो, जी मुलगी हे करू शकते तिला वर्गात बसायची गरजच काय? हिनेच तुमच्या प्राध्यापकांची हजेरी घ्यायला हवी."

हशा पिकला. टाळ्या पडल्या. चीफने टाळ्या संपू दिल्या.

"गरज मला नाही सर, नियमाला आहे," ती म्हणाली. "सही तुमचीच लागते."

"बघू ना, बघू," साहेब म्हणाले. "प्राचार्य, बघा बरं हिचं." प्राचार्य म्हणाले, हो सर, बघतो. आणि ते तिथेच संपलं. सचिवाने घड्याळ दाखवलं, साहेब माइककडे वळले. त्यांनी जाहीर केलं की या पोरांनी त्यांना थक्क केलंय, आणि ही लिफ्ट जशीच्या तशी सोडवून खात्याच्या मोठ्या प्रदर्शनात मांडायची, देशभरातल्या कॉलेजांनी येऊन बघायची. तोवर हिला जपा, कोणी हात लावू देऊ नका. याला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. लंबूने टाळ्या वाजवल्या नाहीत, तेवढा एकच.

हेडक्लार्क हुकमाचे पक्के. भाषण संपायच्या आत ते चीफपाशी आले, जरा बाहेर या हं, म्हणाले, तिची खुर्ची ड्रॉइंग हॉलच्या दारात सरकवली आणि लिफ्टला कुलूप घातलं. चावी खिशात गेली. तिला वाटलं, फोटोंसाठी असेल, उघडतील. मंडळी चहाला खाली गेली. लंबू आणि फ्यूज स्वयंसेवक होते, त्यांना कपबशा वाटायला पिटाळलं होतं. हॉल रिकामा झाला.

ती टेबलांमधून फिरली. प्रत्येक टेबलावर कोणाकोणाचं अर्धं झालेलं ड्रॉइंग चिकटवलेलं होतं. तिच्या टेबलावर कोणीतरी दप्तरं ठेवली होती. तिने लंबूला फोन केला. लंबू धावत आला, परत धावत खाली गेला, आणि बऱ्याच वेळाने आला तो रडकुंडीला येऊन. हेडक्लार्क साहेबांना सोडायला त्यांच्याच गाडीतून गेले होते, चावी घेऊन. प्राचार्य म्हणाले, पाच मिनिटांत सोय करतो, आणि तेही बैठकीला निघून गेले. लंबू म्हणाला, मी एकटा उचलतो तुला. त्याच्या मागोमाग आलेला फ्यूज म्हणाला, माझं मनगट बरं झालंय. तिने दोघांना झिडकारलं. परत कोणाचं काही मोडायला नको होतं तिला.

तेवढ्यात खालून बाबांचा आवाज आला. तिला न्यायला आले होते. गेटवरच्या शिपायाने त्यांचं अभिनंदन केलं होतं, ते अजून तोंडावर होतं. ते विचारत होते, लिफ्ट बिघडली का गं?

"नाही बाबा. चांगली चालते," ती म्हणाली.

मग बाबा जिना चढायला लागले. कठडा धरून, एक हात कमरेवर. ते तिला दिसत नव्हते, पण तो श्वास तिला ओळखू आला.

"बाबा, तिथेच थांबा," ती ओरडली. "एक पायरी जरी चढलात तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही."

बाबांची पावलं थांबली. ती खुर्चीतून खाली सरकली, जमिनीवर बसली, हातांनी अंग ढकलत जिन्याच्या तोंडाशी आली, आणि बसूनच उतरायला लागली. चढताना हे जमलं नसतं. उतरताना अंगाचं वजनच ओढून नेतं. दोन्ही तळवे टेकायचे, स्वतःला एक पायरी खाली सोडायचं, मग हातांनी पाय ओढून घ्यायचे. लंबू आणि फ्यूज तिच्या मागून रिकामी खुर्ची घेऊन उतरत होते, आणि दोघांपैकी कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. चहा पिऊन परतणारी काही पोरं जिन्यात भेटली. ती पोरं भिंतीला चिकटून उभी राहिली. त्यांच्यातल्या एकाने आदराने म्हटलं, अभिनंदन चीफ.

बाबा शेवटच्या पायरीवर बसले होते. ती खाली पोचली आणि त्यांच्याशेजारी बसली. तळवे काळे झाले होते, नव्या ड्रेसचं कापड मागून फाटलं होतं. बाबांनी शिंप्याच्या नजरेने ते बघितलं, बोटाने चाचपलं.

"कापडच हलकं निघालं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "साहेब काय म्हणाले?"

"छान म्हणाले. सगळे फार छान म्हणाले." तिला इतका वेळ रडू आलं नव्हतं, ते आता आलं. "बाबा, संपलं माझं इंजिनिअरिंग. मला घरी घेऊन चला."

बाबांनी बरं म्हटलं, कठडा धरला आणि उठायला गेले. कंबर धरली होती. त्यांनी पुन्हा जोर लावला, मग हळूच परत खाली बसले. लंबू आणि फ्यूज खुर्ची घेऊन वरच्या वळणावर थांबले होते, त्यांना खाली यायचा धीर होत नव्हता. मग बापलेक दोघं तिथेच बसून राहिली, कोणीतरी येऊन उठवील म्हणून.